जिलबीचे डोळे लाल का नाहीत? लेपर्ड गेकोमधला अल्बिनो आणि डोळ्यांचा घोळ

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. "मावशी, जिलबीचे डोळे लाल नाहीयेत गं." आवाज एकदम रडवेला. जिलबी म्हणजे त्याची लेपर्ड गेको, पिवळीधमक, जाड शेपटीची पाल. अकरावीतला पोरगा, चाळीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवून त्याने ती घेतली होती आणि विकणाऱ्याने डब्यावर स्केचपेनने लिहून दिलं होतं 'रॅप्टर', म्हणजे लेपर्ड गेकोचा एक खास रंगप्रकार. आता रॅप्टरचे फोटो नेटवर बघितले तर डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लालबुंद, आणि हिचे फिके, चंदेरी, मधोमध गडद उभी फट. त्याला वाटलं हिला काहीतरी आजार झालाय आणि तो आपल्यामुळेच झालाय.

आजारबिजार काही नव्हता. डब्यावर चुकीचं लिहिलं होतं, बस. पण त्याला समजावताना लक्षात आलं की हा गोंधळ त्याचा एकट्याचा नाही, मी स्वतः नऊ वर्षं गेको पाळतेय आणि मला दर आठवड्याला कुणी ना कुणी फोटो पाठवून विचारतं की हा अल्बिनो आहे का, कुठला अल्बिनो, डोळे असे का. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी ही पाल कोण ते बघू

लेपर्ड गेको मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताकडची, कोरड्या खडकाळ भागातली. आपल्या घरातल्या पालीपेक्षा ती दोन बाबतीत एकदम वेगळी. एक म्हणजे तिच्या बोटांना चिकटणारे तळवे नसतात, त्यामुळे ती भिंतीवर, काचेवर चढत नाही. आणि दुसरं, जे आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे, तिला पापण्या असतात. घरातली पाल डोळा जिभेने पुसते, ही चक्क डोळे मिटते आणि मिचकावते. पूर्ण वाढ झाली की नाकापासून शेपटीपर्यंत साधारण २० ते २५ सेंटीमीटर, आणि नीट ठेवली तर १५-२० वर्षं जगते.

तिच्या जवळच्या नात्यातली एक जात आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये जंगलात राहते. ती दिसली तर लांबूनच बघायची, उचलून घरी आणायची नाही. रानातला प्राणी पकडून पाळणं हा गुन्हा आहे. दुकानातली घेतानाही ती कुठून आली, कागद काय आहेत हे विचारा, आणि शंका असेल तर वनविभागाकडे विचारून मगच घ्या.

पाळीव गेकोमध्ये गेली काही दशकं वेगवेगळे रंग आणि नक्षी निवडून पिल्लं काढली गेली, त्या प्रत्येक प्रकाराला मॉर्फ म्हणतात. अल्बिनो हा मॉर्फचाच एक भाग, आणि डोळ्यांचे प्रकार हा दुसरा भाग. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

अल्बिनो म्हणजे पांढरा नव्हे

आपल्या डोक्यात अल्बिनो म्हटलं की पांढरा ससा येतो, लाल डोळ्यांचा. लेपर्ड गेकोत तसं होत नाही. तिच्या कातडीत काळा रंग असतो, तसे पिवळा आणि नारिंगीही असतात. अल्बिनोमध्ये फक्त काळा रंग, म्हणजे मेलानिन, नीट तयार होत नाही. पिवळा-नारिंगी तसाच राहतो. म्हणून अल्बिनो गेको पिवळी, केशरी, गुलाबीसर दिसते आणि जिथे काळे ठिपके असायला हवे होते तिथे चहाच्या रंगाचे, बिस्किटी किंवा फिके जांभळट डाग असतात.

ओळखायची पहिली खूण हीच. सगळं अंग, डोकं, शेपटी नीट बघा आणि एक तरी खरा काळा ठिपका सापडतो का शोधा. सापडला तर ती अल्बिनो नाही. इथे लोक फसतात कारण हायपो नावाचा एक प्रकार असतो ज्यात अंगावर ठिपके फार कमी, ती पण केशरी गुळगुळीत दिसते आणि लोकांना वाटतं अल्बिनो. पण हायपोच्या डोक्यावर किंवा शेपटीवर काळा सापडतोच बहुतेक.

उलटी फसगत पण होते. अंडी थोड्या कमी तापमानाला उबवली तर अल्बिनो पिल्लं गडद होतात, डाग चांगले चॉकलेटी. ट्यूबलाइटमध्ये ते काळे वाटतात. मी काय करते, फोन बंद करून त्याचा काळा स्क्रीन गेकोच्या शेजारी धरते. खरा काळा आणि चॉकलेटी यांतला फरक लगेच डोळ्यात भरतो.

तीन अल्बिनो आणि बिल्डिंगचं पाणी

आता खरा अवघड भाग. लेपर्ड गेकोत अल्बिनो एक नाही, तीन आहेत, आणि तीनही अमेरिकेत वेगवेगळ्या लोकांकडे आपापले सापडले. पहिला रॉन ट्रेम्पर यांच्याकडे १९९६ मध्ये, त्याला ट्रेम्पर अल्बिनो म्हणतात. मग टिम रेनवॉटर यांचा रेनवॉटर, ज्याला लास वेगास पण म्हणतात, आणि मार्क बेल यांचा बेल, त्याचं दुसरं नाव फ्लोरिडा. या तिघांना स्ट्रेन म्हणतात.

दिसायला सगळे अल्बिनोच, मग तीन वेगळे कसे? भाच्याला मी बिल्डिंगच्या पाण्याचं उदाहरण दिलं. चौथ्या मजल्यावर नळाला पाणी नाही. का नाही? कदाचित पंप बिघडलाय, कदाचित व्हॉल्व्ह बसलाय, कदाचित पाइप तुंबलाय. नळ उघडणाऱ्याला तिन्ही वेळा एकच दिसतं, कोरडा नळ. मेलानिन तयार होणं हे तसंच टप्प्याटप्प्याचं काम आहे, आणि ट्रेम्पर, रेनवॉटर, बेल या तिघांमध्ये बिघाड वेगवेगळ्या जागी आहे.

आता यात एक गोष्ट जोडा. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक पार्ट दोन मिळतात, एक आईकडून, एक बाबांकडून. बिल्डिंगला एक चालू पंप आणि एक स्टँडबाय असतो ना, तसं. एक बिघडला तरी दुसरा चालतो आणि नळाला पाणी येतं. दोन्ही बिघडले तरच नळ कोरडा. अशा गुणाला रिसेसिव्ह म्हणतात, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसणारा. आणि ज्याच्याकडे एक बिघडलेला, एक चांगला आहे, तो दिसायला नॉर्मल पण बिघाड पुढे देऊ शकतो, त्याला हेट म्हणतात.

समजा ट्रेम्परचे दोन्ही पंप खराब आहेत पण व्हॉल्व्ह चांगले, आणि बेलचे दोन्ही व्हॉल्व्ह खराब पण पंप चांगले. या दोघांची जोडी लावली तर पिल्लाला काय मिळेल? एक चांगला पंप, एक चांगला व्हॉल्व्ह. पाणी आलं! दोन अल्बिनो आईबापांची सगळी पिल्लं नॉर्मल, काळ्या ठिपक्यांची. पहिल्यांदा असं झालं की माणसाला वाटतं विकणाऱ्याने फसवलं, आपली गेको अल्बिनोच नव्हती. तसं नाही, दोघंही अल्बिनोच, फक्त वेगळ्या स्ट्रेनचे.

पुढची पिढी जास्त त्रासाची. त्या नॉर्मल दिसणाऱ्या भावाबहिणींची आपसात पिल्लं काढली तर हिशोबाने दर १६ मधली ९ नॉर्मल आणि ७ अल्बिनो निघतात. त्या ७ मध्ये ३ ट्रेम्पर, ३ बेल आणि १ दोन्ही असलेलं. आता ही ७ पिल्लं तुमच्यासमोर ठेवली आहेत, सगळी पिवळी-गुलाबी, आणि कुठलं कोण हे सांगायचंय. नाही सांगता येत, मलाही येत नाही. मग ती 'अल्बिनो' म्हणून विकली जातात, कुणीतरी त्यावर पुढे जोड्या लावतं, आणि तीन-चार पिढ्यांनी असा गुंता होतो की कुठल्या पिल्लात काय दडलंय हे कुणालाच माहीत नसतं. जोडी लावताना स्ट्रेन कधीच मिसळायचे नाहीत असं जुने लोक इतकं ओरडून का सांगतात ते यामुळे.

"पण डोळे बघून स्ट्रेन कळतो ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बेल अल्बिनोचे डोळे बऱ्याचदा जास्त गुलाबी आणि त्यातल्या लाल शिरा ठळक असतात, ट्रेम्परचे बऱ्याचदा चंदेरी-राखाडीकडे झुकतात, रेनवॉटरचं अंग अनेकदा फिकं असतं. अनुभवी माणूस यावरून अंदाज बांधतो. पण अंदाजच! उबवणीचं तापमान, वय, उजेड, अंगात असलेले बाकीचे मॉर्फ, सगळ्याने रंग बदलतो. गुलाबी डोळ्यांचा ट्रेम्पर असतो, चंदेरी डोळ्यांचा बेल पण असतो. एका फोटोवरून कुणी छातीठोक 'हा बेलच' असं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही जाणकार असो.

स्ट्रेन खात्रीने कळायचा सरळ रस्ता एकच, आईबापांची नोंद. ती नसेल तर दुसरा रस्ता असा की खात्रीच्या ट्रेम्परशी जोडी लावायची, पिल्लं सगळी अल्बिनो निघाली तर तुमचीही ट्रेम्पर, आणि नॉर्मल निघाली तर दुसऱ्या स्ट्रेनची. पण नुसत्या कुतूहलापोटी हे करू नका. मादी एका वेळेला दोन अंडी देते, एका मोसमात अनेकदा देते, आणि ती जी पिल्लं निघतील ती पुढची १५-२० वर्षं कोण सांभाळणार?

डोळ्यांची गोष्ट वेगळी

आता डोळे. नॉर्मल गेकोचा डोळा जवळून बघितलाय का कधी? रविवारी मी भांडुपहून स्लो लोकल पकडून चिंचपोकळीला उतरले, लालबागला भाच्याकडे गेले आणि आम्ही दोघं गॅलरीच्या दाराशी जिलबीला घेऊन बसलो. फोनचा कॅमेरा झूम केला. डोळ्याचा गोल पडदा, ज्याला आयरिस म्हणतात, तो चांदीचा वर्ख लावल्यासारखा, त्यात केसाइतक्या बारीक लाल शिरा नदीच्या फाट्यांसारख्या पसरलेल्या, आणि मधोमध उभी फट, जिच्या कडा सरळ नाहीत, करवतीसारख्या किंचित दातेरी. भाचा म्हणाला, "मावशी, हे तर लाल डोळ्यांपेक्षा भारी आहे!" खरंच आहे.

तर पडदा चंदेरी आणि फट वेगळी दिसतेय म्हणजे डोळा नॉर्मल प्रकारचा. एक्लिप्स नावाचा जो गुण आहे त्यात पडदा आणि फट एकाच रंगाचे होतात, अख्खा डोळा भरीव काळा, बटण शिवल्यासारखा. एक्लिप्ससुद्धा रिसेसिव्हच, पण अल्बिनोपेक्षा संपूर्ण वेगळा गुण, त्याचा स्वतःचा हिशोब. काही एक्लिप्सांचा डोळा अर्धाच भरतो, अर्धा काळा अर्धा चंदेरी, त्याला स्नेक आय म्हणतात. कधी एक डोळा भरलेला आणि दुसरा साधा असंही असतं. अशा गेकोंच्या नाकाचा शेंडा फिका आणि पावलं मोजे घातल्यासारखी पांढरट असतात बऱ्याचदा, ती एक जोडखूण. मार्बल आय म्हणून अजून एक वेगळा गुण आहे, त्यात पडद्यावर शाईचे थेंब सांडून पसरल्यासारखं दिसतं.

आता अल्बिनो आणि एक्लिप्स एकाच प्राण्यात आले तर? डोळा भरीव, पण काळा रंग तर तयारच होत नाही, म्हणून आतल्या रक्ताचा लाल दिसतो. तेच ते डाळिंबाचे दाणे. म्हणजे भरीव लाल डोळ्यासाठी साधारणपणे दोन गुण लागतात, नुसत्या अल्बिनोने काम होत नाही. ट्रेम्पर अधिक एक्लिप्स यातून रॅप्टर झाला, ते नावच मुळी रेड आय, अल्बिनो, पॅटर्नलेस, ट्रेम्पर, ऑरेंज यांची अक्षरं जोडून केलंय. बेल अधिक एक्लिप्स म्हणजे रडार, रेनवॉटर अधिक एक्लिप्स म्हणजे टायफून. जिलबीचा पडदा चंदेरी, फट स्पष्ट, म्हणजे तिच्यात एक्लिप्स दिसत नाही, म्हणजे ती रॅप्टर नाही. विषय संपला. लाल डोळे 'यायचे राहिलेत' असं काही नसतं, उलट पिल्लाचे लालबुंद डोळे वय वाढेल तसे गडद होत जातात.

"काळे डोळे म्हणजे एक्लिप्सच ना?"

नाही. मॅक स्नो नावाचा एक गुण आहे, तो दोन्हीकडून आला की सुपर स्नो होतो, पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके आणि डोळे भरीव काळे. त्यात एक्लिप्सचा काही संबंध नाही. ब्लिझर्ड नावाच्या मॉर्फमध्येही कधी कधी डोळे गडद असतात. म्हणून आधी अंग बघायचं आणि मग डोळा.

आणि सगळ्यात साधी चूक उजेडाची. गेको निशाचर, अंधार पडला की फट उघडत उघडत जवळजवळ गोल होते आणि डोळा काळाभोर दिसतो. संध्याकाळी अंधाऱ्या दुकानात नॉर्मल गेको बघितली तर तुम्ही शपथेवर सांगाल की एक्लिप्स आहे. तसंच खरा लाल डोळा कमी उजेडात काळपट वाइनसारखा दिसतो आणि लोक म्हणतात हा काळ्या डोळ्यांचा. दिवसा, खिडकीजवळ पण थेट ऊन नाही अशा जागी, फ्लॅश बंद ठेवून, बाजूने फोटो काढा. टॉर्च डोळ्यात मारू नका, विशेषतः अल्बिनोच्या. आणि शेपटीला धरून उचलायचं नाही, शेपटी तुटून हातात येते.

अजून एक, आणि हे मनापासून सांगते. डोळा मिटलेला, सुजलेला, पाण्याचा, किंवा त्यावर पांढरी साय आल्यासारखी दिसत असेल तर तो मॉर्फ नाही, तो त्रास आहे. कात टाकताना पापणीखाली तुकडा अडकतो, वाळूचा कण जातो, जंतुसंसर्ग होतो, अ जीवनसत्त्व कमी पडतं. 'हिचा डोळाच असा आहे' म्हणून पंधरा दिवस काढलेली एक गेको मी बघितली आहे, तिचा तो डोळा वाचला नाही. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर मुंबईत शोधावा लागतो पण मिळतो, आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

"मला पिल्लं काढायचीच नाहीत, मग मला काय करायचंय?"

तरी कामाचं आहे. अल्बिनोच्या डोळ्यात उजेड अडवणारा रंग कमी, त्यामुळे तिला लख्ख उजेड सोसत नाही, ती पापण्या अर्ध्या मिटून बसते, खायला दिलं तरी नेम चुकतो आणि मालकाला वाटतं भूक नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गॅलरीतून जो उजेड येतो तो तिच्यासाठी फारच आहे. डबा खिडकीपासून लांब, लपायला दोन-तीन जागा, यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा दिवा लावत असाल तर कमी ताकदीचा आणि सावलीची सोय करून, आणि खायला दिवे मंद झाल्यावर.

काही मॉर्फ नुसते रंगाचे नसतातच. एनिग्मा नावाच्या मॉर्फमध्ये मज्जासंस्थेचा त्रास येतो, मान वाकडी होते, प्राणी गोल गोल फिरतो. लेमन फ्रॉस्ट तर दिसायला इतका सुंदर की लोक वेडे झाले, आणि मग २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्राण्यांना रंगपेशींच्या गाठी होतात. म्हणून विकत घेताना नावाच्या मागे काय आहे हे विचारायलाच हवं.

पैशाचंही आहेच. 'रॅप्टर' म्हणून घेतलेले पैसे आणि साध्या अल्बिनोची किंमत यात चांगलाच फरक असतो, आणि तो एका शिकवण्या घेणाऱ्या मुलाच्या खिशातून गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

डब्यावर '६६ टक्के हेट' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. दोन हेटची जोडी लावली की हिशोबाने चारातलं एक अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साफ. अल्बिनो बाजूला काढलं तर उरलेली तीन एकसारखी नॉर्मल, त्यातली दोन हेट. तीनातली दोन म्हणजे ६६ टक्के. म्हणजे ही त्या एका प्राण्याबद्दलची शक्यता आहे, खात्री नव्हे, आणि शक्यतेचे जास्तीचे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

मग जिलबीचं काय ठरलं

विकणाऱ्याला भाच्याने आईबापांबद्दल विचारलं तर उत्तर आलं 'आई पण पिवळीच होती'. म्हणजे नोंद नाही. आम्ही डब्यावरचं जुनं लेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि त्याने नवीन लिहिलं: 'जिलबी. अल्बिनो, स्ट्रेन माहीत नाही. डोळे नॉर्मल. जोडी लावायची नाही.' डबा गॅलरीजवळून उचलून आतल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवला, थर्मोस्टॅटची वायर मागून घेतली. परवा त्याचा मेसेज आला, आता ती संध्याकाळी सात वाजता स्वतःहून बाहेर येते, डोळे पूर्ण उघडे असतात, आणि किडा पहिल्या झडपेतच पकडते.